सोळाचा माल, आठाची नोंद

तेरीज जुळली नाही म्हणजे जुने दिवाणजी गडबडून जात नसत. ते आधी फरकाचा आकडा एका कोऱ्या कागदावर मांडीत आणि त्याच्याकडे काही वेळ पाहत बसत. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला, तर कोठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असावी, ४५ चे ५४ किंवा २७० चे ७२० लिहिले गेले असावेत, असा त्यांचा पहिला कयास असे. तसे नसेल, तर फरकाची निम्मी रक्कम ते खतावणीत शोधीत. ती सापडली की जमेची रक्कम नावे पडली हे उघड होई. सगळ्या वह्या पहिल्या पानापासून पुन्हा चाळण्याची वेळ क्वचितच येई. चूक आपला ठावठिकाणा बहुधा त्या फरकातच लिहून ठेवते, हे त्यांना अनुभवाने कळलेले असे.

आज बहुतेक पेढ्यांवर वह्यांची जागा संगणकाने घेतली आहे. पण संगणकाच्या बाबतीत आपण दिवाणजींची ही रीत विसरतो. यंत्राची रॅम, म्हणजे तात्पुरती स्मृती, वाढवून घ्यावी आणि ती पडद्यावर पूर्ण दिसू नये, हा अनुभव अनेक वाचकांना आला असेल. अशा वेळी फरकाचा आकडा न वाचताच आपण माणसांवर संशय घेऊ लागतो. या लेखाचा विषय तोच आहे, आणि त्याला आमच्या घरातीलच एक प्रसंग कारण आहे.

पेढीवरील प्रसंग

२०१८ सालच्या मार्च महिन्यातील गोष्ट. आमचे थोरले मामा सांगलीत हळदीची अडत करतात. हळदीचा हंगाम आणि वर्षअखेर ही दोन्ही त्यांच्या पेढीवर एकाच वेळी येऊन ठेपतात. त्यात जीएसटी लागू झाल्यानंतरचा तो पहिलाच मार्च होता आणि १ एप्रिलपासून परराज्यांत जाणाऱ्या मालासाठी ई-वे बिल सुरू व्हायचे होते. गल्ल्याशेजारचा संगणक एकाच वेळी टॅली, बँकेचे खाते आणि विवरणपत्रे हाताळताना दमून जाई. एका शेतकऱ्याची हिशेबपट्टी छापून निघेपर्यंत दुसऱ्याचा चहा निवून जाई.

शेजारच्या गल्लीत संगणक दुरुस्तीचे छोटे दुकान नुकतेच थाटलेल्या एका मुलाला मामांनी बोलावले. यंत्रात ४ जीबीची एकच पट्टी होती. ती काढून ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या बसवाव्यात, म्हणजे एकूण १६ जीबी होतील, असे ठरले. निम्मे पैसे विसार म्हणून दिले गेले, उरलेले काम पाहून द्यायचे होते. संध्याकाळी पट्ट्या बसल्या आणि यंत्र चांगलेच हलके चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणजींनी सहज संगणकाची माहिती उघडली आणि मामांना हाक मारली. वापरता येण्याजोगी रॅम म्हणून पडद्यावर आकडा होता ८ जीबी. मामांनी तत्काळ त्या मुलाला बोलावून घेतले. त्याने खोके उघडले, दोन्ही पट्ट्या आणि त्यांवरील ८ जीबीची लेबले दाखवली. यंत्र सुरू होताना बायॉसमध्ये १६ जीबी दिसतात, तेही दाखवले. पण मामांचा पारा चढलेला होता. “लेबल काय, कोणीही चिकटवतो. सोळाचे पैसे घ्यायचे आणि आठाचा माल द्यायचा, याला आमच्या बाजारात मापात पाप म्हणतात,” असे ते चार शेतकरी आणि दोन हमाल यांच्यादेखत बोलून गेले. मुलगा एवढेच म्हणाला, “शेठ, माल पूर्ण आहे. कारण मला आत्ता सांगता येत नाही, पण माल पूर्ण आहे.” आणि उरलेले पैसे न मागता तो निघून गेला.

रात्री मामांचा मला दूरध्वनी आला. “तू अंकात एवढे लिहितोस, तर माझे आठ जीबी कोठे गेले ते सांग.” मी म्हटले, “मामा, पडद्यावर त्या ओळीत जे काही लिहिले आहे, ते एकही अक्षर न गाळता वाचून दाखवा.” त्यांनी वाचून दाखवले. उत्तर त्या ओळीतच होते. ते समजण्यासाठी आधी थोडी पायाभूत माहिती घेऊ.

गादी आणि वखार

संगणकात साठवण दोन प्रकारची असते. हार्ड डिस्क किंवा एसएसडी ही वखार आहे. यंत्र बंद केले तरी तेथील माल जागेवर राहतो. रॅम ही दिवाणजींची गादी आहे. ज्या वह्यांवर या क्षणी काम चालू आहे, तेवढ्याच तिच्यावर पसरलेल्या असतात आणि दिवा मालवला की गादी रिकामी होते. गादी लहान असली, तर एक वही उघडण्यासाठी दुसरी उचलून वखारीत ठेवावी लागते आणि ये-जा वाढते. यंत्र मंदावते ते या ये-जा करण्यामुळे.

या दोहोंच्या मोजमापातही एक भेद आहे. ५०० जीबीची डिस्क घेतली तर विंडोज सुमारे ४६५ जीबी दाखवते. तेथे माल कमी आलेला नसतो. उत्पादक १,००० च्या पटीत मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते, म्हणून हा फरक पडतो. रॅमचे तसे नाही. ती दोन्हीकडे १,०२४ च्याच पटीत मोजली जाते. त्यामुळे ‘डिस्कही कमीच दिसते, तशी रॅमही कमी दिसणार’ अशी समजूत कोणी घातली, तर ती मानू नये. रॅममधील फरकाला नेहमी वेगळे कारण असते.

फरक कसा वाचावा

विंडोजमध्ये संगणकाची माहिती उघडली की रॅमसमोर बहुधा दोन आकडे दिसतात. पहिला बसवलेल्या रॅमचा, आणि कंसात दुसरा वापरता येण्याजोग्या रॅमचा. व्यापाऱ्याच्या भाषेत पहिला आकडा आवकेचा आणि दुसरा विक्रीस मोकळ्या मालाचा. वखारीत १०० पोती आली तरी त्यांपैकी २० बँकेकडे तारण असतील, तर गिऱ्हाइकाला ८०च देता येतात. म्हणून कोणी आवकच ८० झाली असे म्हणत नाही. तपासाची पहिली पायरी हीच: कमी कोणता आकडा आहे, आवकेचा की मोकळ्या मालाचा?

पहिलाच आकडा कमी असेल, तर यंत्राला पट्टी दिसलेलीच नाही आणि दोष खोक्याच्या आत शोधावा. पहिला आकडा पूर्ण आणि दुसरा कमी असेल, तर माल आलेला आहे. तो कोणीतरी अडवून धरला आहे. यानंतर फरक किती हे पाहावे.

फरक नेमका एका पट्टीएवढा असेल, म्हणजे ८ आणि ८ बसवून पहिला आकडाच ८ दिसत असेल, तर सर्वांत संभाव्य कारण सर्वांत साधे असते: पट्टी खाचेत पूर्ण बसलेली नसते. मदरबोर्डवर पट्टी दोन्ही टोकांना सारखा दाब देऊन बसवावी लागते आणि टोकाची कळ ‘टक्’ आवाज करून मिटावी लागते. आपल्याकडील धुळीत धातूचे संपर्कबिंदूही मळतात. खाच निकामी असणे हे दुसरे कारण. तिसरे कारण अनेकांच्या लक्षात येत नाही. आजच्या यंत्रांत रॅमचा कारभार प्रोसेसर स्वतः पाहतो. प्रोसेसरखालील खोबणीतील एखादी बारीक पिन वाकली, किंवा पंखा एका बाजूने जास्त आवळला गेला, तरी एका खाचेचा संपर्क तुटतो आणि पट्टी निर्दोष असूनही दिसत नाही.

एखादी पट्टी निम्मीच दिसत असेल किंवा ती लावल्यावर यंत्र सुरूच होत नसेल, तर मदरबोर्डची कुवत तपासावी. इंटेलच्या एच६१ आणि एच८१ या चिपसेटचे मदरबोर्ड आपल्या बाजारातील असंख्य दुकानी संगणकांत आहेत. त्यांत दोनच खाचा असतात आणि एकूण मर्यादा १६ जीबीची. त्यापेक्षा मोठी पट्टी स्वस्तात मिळाली, तरी तेथे ती कामाची नाही. सर्व्हरमधून काढलेल्या जुन्या पट्ट्यांचेही तसेच. साध्या यंत्राला त्या चालत नाहीत.

४ जीबी बसवून ३ ते ३.५ च्या दरम्यान आकडा दिसत असेल, तर विंडोज ३२ बिटची आहे, असे बहुतेक वेळा खुशाल समजावे. रॅममधील प्रत्येक बाइटला पत्ता लागतो आणि ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ एवढेच पत्ते मावतात. हे बरोबर ४ जीबी झाले. पण त्यांतील काही पत्ते ग्राफिक्स आणि इतर भागांसाठी आधीच राखून ठेवलेले असतात. ठराविक पानांच्या वहीत पहिली काही पाने अनुक्रमणिकेला गेली, तर खात्यांना तेवढी कमी उरणार. अशा यंत्रात ८ जीबी बसवले तरी आकडा हलत नाही. त्यावर उपाय ६४ बिटची विंडोज. ती घेऊनही आकडा तेथेच राहिला, तर बायॉसमध्ये ‘मेमरी रीमॅप’ हा पर्याय चालू आहे का ते पाहावे. इंटेलच्या ९४५ मालिकेसारख्या फार जुन्या चिपसेटमध्ये मात्र ही सोयच नाही.

१६ जीबी बसवून १५.९, १५.७ किंवा कधी १३.९ असा मोकळा आकडा दिसत असेल, तर बहुधा तो दोष नसतो. ज्या यंत्रात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही, तेथे पडद्यावरील चित्रासाठी काही रॅम राखून ठेवली जाते. हेच ते तारण. किती ठेवायचे हे पुष्कळ यंत्रांत बायॉसमधून ठरवता येते.

पहिला आकडा पूर्ण, पण दुसरा बरोबर २, ४ किंवा ८ अशा गोल संख्येवर अडलेला असेल, तर तो हाताने घातलेला बांध समजावा. ‘एमएसकॉन्फिग’ ही सोय उघडून बूट विभागातील प्रगत पर्यायांत ‘मॅक्झिमम मेमरी’ या चौकटीत खूण आहे का ते पाहावे. यंत्र वेगवान करण्याच्या नादात कोणीतरी ती केलेली असते आणि पुढे रॅम वाढवली तरी जुनी मर्यादा कायम राहते. खूण काढून यंत्र पुन्हा सुरू केले की काम झाले. ती नसेल, तर विंडोजची आवृत्ती पाहावी, कारण परवान्यालाही मर्यादा असतात.

परवान्याची वेस

मामांनी वाचून दाखवलेल्या ओळीत बसवलेली रॅम १६ जीबी असे स्पष्ट लिहिले होते आणि कंसात वापरण्याजोगी ८ जीबी. संतापाच्या भरात त्यांनी आणि दिवाणजींनी केवळ कंसातील आकडा वाचला होता. त्याच खिडकीत वरच्या बाजूला आवृत्तीचे नाव होते: विंडोज ७ होम बेसिक.

विंडोज ७ च्या ६४ बिटच्या आवृत्त्यांमध्ये मायक्रोसॉफ्टने रॅमच्या वेगवेगळ्या मर्यादा आखल्या होत्या. होम बेसिकला ८ जीबी, होम प्रीमियमला १६ जीबी आणि प्रोफेशनलला १९२ जीबी. त्यांपैकी होम बेसिक ही आवृत्ती भारतासारख्या उदयोन्मुख बाजारपेठांसाठीच होती आणि स्वस्त असल्यामुळे तयार संगणकांबरोबर आपल्याकडे सर्रास येई. २०१३ मध्ये ४ जीबीचे यंत्र घेताना ८ ची वेस कोणाच्या ध्यानात येणार? वेस आहे हे कळते, ते गाडी तिला येऊन धडकल्यावर. त्या मुलाने माल पूर्ण दिला होता. पूर्ण मालाला आत घेण्याचा परवाना मामांच्या यंत्राकडे नव्हता.

आजच्या वाचकाला या विशिष्ट वेशीची भीती राहिलेली नाही. विंडोज १० आणि ११ च्या ६४ बिटच्या होम आवृत्त्यांची मर्यादा १२८ जीबी आहे आणि तेथवर आपली कोणतीही पेढी जाणार नाही. तरीही ज्यांच्या कोपऱ्यातील यंत्रावर अजून विंडोज ७ चालू असेल, त्यांनी रॅमपेक्षा आधी त्याचा विचार करावा. तिचे सुरक्षाविषयक पाठबळ १४ जानेवारी २०२० रोजी संपले आहे आणि विंडोज १० चे नियमित पाठबळही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. बँकेचे व्यवहार ज्या यंत्रावरून होतात, त्याच्या दाराला कडी असलीच पाहिजे.

तपासणीचा क्रम

फरक वाचून झाल्यावरही खोके उघडण्याची वेळ आली, तर पुढील क्रम पाळावा.

पहिले काम, हिशेबाच्या विदेची प्रत पेनड्राइव्हवर काढून घ्यावी. त्यानंतर यंत्र पूर्ण बंद करावे. नव्या विंडोजमध्ये ‘शट डाउन’ म्हटले तरी काही स्थिती जपून ठेवली जाते; म्हणून शिफ्टची कळ दाबून धरून ‘शट डाउन’ करावे. मग विजेची वायर काढावी आणि सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यावी. खोक्याच्या उघड्या धातूला हात लावल्याखेरीज पट्टीला स्पर्श करू नये. अंगावरील स्थिर विद्युत् पट्टीला मारक ठरू शकते.

जुनी पट्टी बाहेर काढून नव्या पट्टीशी ताडून पाहावी. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचांची जागा वेगवेगळी असते, त्यामुळे चुकीची पट्टी आत जात नाही. जोर लावणे मात्र नुकसानीचे. डीडीआर३ आणि डीडीआर३एल मात्र दिसायला आणि बसायला सारख्या असतात. पहिलीला १.५ व्होल्ट लागतात, दुसरी १.३५ वरही चालते. काही लॅपटॉप केवळ दुसरीच स्वीकारतात, म्हणून खरेदीच्या वेळी शेवटचे ते ‘एल’ अक्षर पाहून घ्यावे.

त्यानंतर एकच पट्टी एका खाचेत लावून यंत्र सुरू करावे, मग तीच पट्टी दुसऱ्या खाचेत. दुसऱ्या पट्टीचीही अशीच पाळी घ्यावी. दोन पट्ट्या आणि दोन खाचा यांच्या या चार परीक्षांत दोष पट्टीचा की खाचेचा, हे बहुतेक वेळा निर्विवाद ठरते. चार खाचांच्या मदरबोर्डवर दोनच पट्ट्या असतील, तर बहुधा प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच वापरायची असते. माहितीपुस्तिकेत ते लिहिलेले असते. संपर्कबिंदू मळके दिसले, तर ते मऊ कापडाने किंवा खोडरबराने हलकेच पुसावेत आणि त्याचा भुगा खाचेत पडू देऊ नये.

प्रत्येक वेळी निकाल आधी बायॉसमध्ये पाहावा, मग विंडोजमध्ये. ‘टास्क मॅनेजर’मधील मेमरीच्या पानावर किती खाचा वापरात आहेत आणि किती रॅम यंत्राने राखून ठेवली आहे, हे नव्या विंडोजमध्ये सरळ वाचायला मिळते. आकडा जुळला तरी ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ ही तपासणी एकदा चालवावी. पट्टी पूर्ण दिसते पण आतून सदोष आहे, असेही होते. अशी पट्टी हिशेबाच्या फाइली बिघडवू शकते, म्हणून ती न दिसणाऱ्या पट्टीपेक्षा अधिक घातक.

आणि बिल जपावे. पट्टीवरील क्रमांकाचे लेबल फाडू नये. हमीचा दावा त्यावरच उभा असतो.

उरलेले पैसे

मामांना मी सगळे समजावून सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, “म्हणजे पोराचा माल पूर्ण होता?” मी म्हटले, “पूर्ण होता. आणि तो ते तुम्हांला सांगतही होता.”

दुसऱ्या दिवशी सौदे सुरू होण्यापूर्वी मामा स्वतः चालत त्या मुलाच्या दुकानी गेले. बोलावणे पाठवता आले असते, पण त्यांनी ते पाठवले नाही. उरलेले पैसे दिले. मग त्याला बरोबर घेऊन पेढीवर आले आणि आदल्या दिवशीच्या हमालांपैकी जे हजर होते, त्यांच्यासमोर म्हणाले, “माप याचे बरोबर होते. वाचण्यात चूक माझी झाली.” ते चार शेतकरी मात्र गावाला परतले होते. त्यांच्या कानांवर ही दुरुस्ती गेली की नाही, ही रुखरुख मामा आजही बोलून दाखवतात.

वर्षअखेरीचे काम आटोपल्यावर त्याच मुलाकडून मामांनी विंडोजची नवी, रीतसर परवान्याची आवृत्ती बसवून घेतली. पडद्यावर १५.९ हा आकडा आला, तेव्हा दिवाणजींनी विचारले, “आणि हा उरलेला एक दशांश?” मामा हसून म्हणाले, “तो तारण आहे.”

खतावणीतील फरक सापडला की रेघ मारून तो दुरुस्त करता येतो. माणसाच्या नावे चुकून पडलेली नोंद चार लोकांत फिरते, आणि तिच्यावर रेघ मारायला ते चार लोक पुन्हा एकत्र सापडतीलच असे नाही. म्हणून वाचकहो, यंत्राचा आकडा कमी दिसला तर आधी पूर्ण ओळ वाचावी, फरक कागदावर मांडावा आणि मग तोंड उघडावे.